सतरा गाण्यांतले क्वीन



'क्वीन' या इंग्लिश रॉक बँडचा 'ग्रेटेस्ट हिट्स' हा संग्रह २६ ऑक्टोबर १९८१ रोजी ब्रिटनमध्ये निघाला. तिथे आजवर सर्वाधिक खपलेला अल्बम हाच. प्रती सत्तर लाखांहून अधिक. क्वीनची पहिली ओळख असंख्य श्रोत्यांना याच सतरा गाण्यांतून झाली आणि अजूनही होते. ओळख म्हणून तो उत्तमच आहे. मात्र ही गाणी कशी निवडली गेली, हे ठाऊक असलेले बरे.

ब्रिटिश आवृत्तीत १९७४ ते १९८० या काळातली, तिथल्या सिंगल्सच्या यादीत पहिल्या विसांत पोचलेली गाणी आहेत. त्यामुळे बँडचे पहिलेच सिंगल, १९७३चे 'कीप युवरसेल्फ अलाइव्ह', यात नाही. ते यादीत चढलेच नव्हते. 'टाय युअर मदर डाउन' एकतिसाव्या क्रमांकावर थांबले, म्हणून तेही बाहेर. दोन्ही गाणी मैफलीत दणकून वाजत असत, पण त्या दाद-टाळ्यांची नोंद यादीत होत नाही.

या निकषाचा सर्वांत मोठा फटका ड्रमर रॉजर टेलरला बसला. क्वीनमध्ये चौघेही गाणी लिहीत. संग्रहात फ्रेडी मर्क्युरी आणि ब्रायन मे यांची गाणी आहेत, बेसवादक जॉन डीकनची दोन आहेत. टेलरचे एकही नाही. 'बोहेमियन रॅप्सडी'च्या तबकडीच्या मागच्या बाजूला त्याचेच 'आय'म इन लव्ह विथ माय कार' होते, म्हणजे घरोघरी ते पोचले होते. पण यशाची मोजणी पुढच्या बाजूची. टेलरचे 'रेडिओ गा गा' हिट झाले १९८४मध्ये, आणि १९९१च्या दुसऱ्या संग्रहात त्याला जागा मिळाली. पहिलाच संग्रह ऐकणाऱ्याला तो केवळ ताल धरणारा वाटतो. हा अन्याय आहे.

दुसरी गोष्ट क्रमाची. 'बोहेमियन रॅप्सडी' शेवटी मंद होत जाते आणि गाँगच्या एका खोल ठोक्यावर विरते. 'अ नाइट ॲट द ऑपेरा' या १९७५च्या मूळ अल्बममध्ये त्यानंतर मेच्या गिटारवर ब्रिटिश राष्ट्रगीत येते आणि अल्बम संपतो: नाटकानंतर पडदा पडावा तसा. संग्रहात मात्र हेच गाणे सुरुवातीला आहे, आणि तो ठोका विरतो न विरतो तोच डीकनच्या बेसचे ठोके सुरू होतात. 'अनदर वन बाइट्स द डस्ट', १९८०. मधली पाच वर्षे एका श्वासात ओलांडली जातात. सत्तरच्या दशकातल्या आपल्या अल्बमांवर 'सिंथेसायझर वापरलेला नाही' असे आवर्जून छापणारा बँड १९८०मध्ये ते वाद्य वापरू लागला. हा बदल असल्या मांडणीत कळत नाही.

सर्वांत जुने गाणे, 'सेव्हन सीज ऑफ राय', थेट पंधराव्या जागी आहे. ते मूळचे 'क्वीन टू' या १९७४च्या अल्बममधले. त्या तबकडीच्या बाजूंना एक आणि दोन असे क्रमांक नव्हते. 'पांढरी' आणि 'काळी' अशी नावे होती. काळ्या बाजूची सहाही गाणी मर्क्युरीची, बरीचशी एकमेकांत मिसळत जाणारी. त्यातले एक रिचर्ड डॅड या चित्रकाराच्या परीकथेतल्यासारख्या चित्रावर बेतलेले आहे, हार्पसिकॉर्डच्या किणकिणाटासह. आधीच्या पाच गाण्यांच्या वादळानंतर 'सेव्हन सीज' येते तेव्हा ते किनाऱ्याला लागल्यासारखे वाटते. संग्रहात सुटे ऐकले तर ते फक्त एक चटपटीत गाणे. पाचगणीच्या शाळेत 'हेक्टिक्स' या बँडमध्ये पियानो वाजवणाऱ्या मुलाची, म्हणजे मर्क्युरीची, झेप जोखायची, तर ही काळी बाजू सलग ऐकावी लागते.

म्हणून संग्रह अनुक्रमणिकेसारखा वापरावा. जे गाणे मनात घर करेल, त्याचा मूळ अल्बम काढून पहिल्यापासून ऐकावा. 'किलर क्वीन' आवडले तर 'शीअर हार्ट अटॅक', 'समबडी टू लव्ह' आवडले तर 'अ डे ॲट द रेसेस'. 'वी विल रॉक यू' आणि 'वी आर द चॅम्पियन्स' ही जोडी संग्रहाच्या शेवटी आहे. १९७७च्या 'न्यूज ऑफ द वर्ल्ड'ची सुरुवातच तिच्यापासून होते, आणि तिसरे गाणे टेलरचे: 'शीअर हार्ट अटॅक', वरच्या अल्बमच्याच नावाचे.

तुझा,
मामा