रविवार, तलावाच्या पाळीवर

भंडाऱ्यात गळ्यात कॅमेरा अडकवून फिरणाऱ्याला पहिला प्रश्न ठरलेला असतो, "वाघ मिळाला का?" प्रश्न साहजिक आहे. शहरापासून वीसेक किलोमीटरवर कोका अभयारण्य, त्यापलीकडे नागझिरा, पवनीच्या अंगाला उमरेड-कऱ्हांडला. 2013 साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. त्याच सुमारास जय नावाचा वाघ नागझिऱ्यातून निघून शेतं, नदी आणि महामार्ग ओलांडत उमरेड-कऱ्हांडल्यात जाऊन पोचला. 2016 साली तो दिसेनासा झाला. त्याचे फोटो मात्र अजून कितीतरी लोकांच्या मोबाइलमध्ये आहेत.

जंगलात जायला मलाही आवडतं. पण आठवडाभर नोकरी करून हाती एक रविवार उरणाऱ्या हौशी छायाचित्रकाराचा खरा विषय या जिल्ह्यात तलाव आहे, असं माझं ठाम मत झालं आहे. सफारीत गाडी आपली नसते, वेळ आपला नसतो, थांबायचं कुठे हे दुसराच ठरवतो. तलावाच्या पाळीवर हवं तेवढं बसता येतं. पुढच्या महिन्यात त्याच जागी परत येता येतं. हौशी माणसाला परत परत येण्याची जी मोकळीक असते, ती कामावर आलेल्या पाहुण्या छायाचित्रकाराला क्वचितच मिळते. त्याला दोन दिवसांत काम उरकून पुढच्या गावी जायचं असतं.

पूर्व विदर्भात माजी मालगुजारी तलाव सहा हजारांहून अधिक आहेत. आपण त्यांना मामा तलाव म्हणतो. त्याशिवाय शेताशेतांतल्या बोड्या वेगळ्या. गोंड राजांच्या आणि पुढे भोसल्यांच्या काळात कोहळी समाजाच्या लोकांनी हे तलाव बांधले. जमिनीचा उतार नुसत्या नजरेने ओळखणारी ही माणसं. पाणी कुठून येईल, कुठे थांबेल आणि जास्तीचं कुठून काढून द्यायचं, याचा अंदाज त्यांनी चालत चालत बांधला. 1951 मध्ये मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, संपली आणि तलाव सरकारकडे गेले. शंभर हेक्टरपर्यंत सिंचन करणारे तलाव आज जिल्हा परिषदेकडे आहेत. बऱ्याच तलावांत गाळ साचला, काहींच्या पोटात शेती शिरली.

ही रचना कळली की फोटोही बदलतो. पाळ नेहमी उताराच्या खालच्या बाजूला असते. त्यामुळे पाळीवर उभं राहिलं की समोर पाणी आणि त्यामागे ज्या रानातून ते पाणी येतं ते रान, आणि पाठ फिरवली की त्याच पाण्यावर पिकलेल्या धानाच्या बांध्या. जागा न सोडता नुसतं वळून काढलेल्या दोन फोटोंत तलावाचं सगळं काम येतं. मी नव्या तलावावर गेलो की पक्षी शोधण्याआधी हे दोन फोटो काढतो. सांडवा कुठे आहे ते बघतो. पाळीवर चिंच, आंबा, एखादं देऊळ असतंच. सकाळी सावली कुणीकडे पडेल ते तिथूनच समजतं.

उजेडाच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत. मुंबईपेक्षा आपल्याकडे सूर्य साधारण अर्धा तास आधी उगवतो. हिवाळ्यात सात-सव्वासातला कोवळं ऊन पाण्यावर आडवं येतं आणि त्याच वेळी तलावावर धुकं असतं. या धुक्यात कॅमेऱ्यावर सगळं सोपवून चालत नाही. कॅमेऱ्याचं मीटर समोर येणारा उजेड मध्यम करड्या रंगाचा आहे असं धरून चालतं. चौकट धुक्याने भरली की ते फोटो काळपट करतं, आणि डोळ्यांना दिसलेली दुधाळ सकाळ फोटोत मळलेल्या चादरीसारखी दिसते. तेव्हा एक्स्पोजर एका स्टॉपने वाढवावं लागतं. तासाभराने धुकं विरतं, गडद पाण्यावर पांढराशुभ्र बगळा उतरतो आणि हिशेब बरोबर उलटा होतो. आता मीटर काळं पाणी उजळवायला बघतं आणि बगळ्याची पिसं नुसता पांढरा डाग होऊन जातात. इथे एक्स्पोजर कमी करायचं, अर्ध्या-पाऊण स्टॉपने, आणि हिस्टोग्रामची उजवी कड तपासायची. पांढरं तेच, जागा तीच, तासाभराच्या अंतराने निर्णय मात्र विरुद्ध. ज्याला हात बसवायचा आहे त्याने एक हिवाळा बगळे आणि धुक्यावर घालवावा. माझ्या मते याहून चांगली शाळा नाही, आणि तिला फीही लागत नाही.

उंचीचंही तसंच. पाळीवर उभं राहून काढलेला बदकाचा फोटो वरून बघितल्यासारखा येतो, पक्षी पाण्यावर चिकटवल्यासारखा दिसतो. पाण्याच्या कडेला पोटावर झोपलं, लेन्स जमिनीपासून वीतभर उंचीवर आणली, की मागचा किनारा धूसर होतो आणि पक्षी पाण्यातून उठून येतो. कपडे चिखलाने भरतात. एक जुनं पोतं सोबत ठेवलं की काम भागतं.

एकाच तलावावर परत जाण्याचं मोल मला कमळपक्ष्याने शिकवलं. लांब शेपटीचा कमळपक्षी पावसाळ्यात बघावा. पांढरं तोंड, मानेमागे सोनेरी पट्टा, विळ्यासारखी वाकलेली काळी शेपूट. लांबच लांब बोटं पसरून तो कमळाच्या पानांवर असा चालतो की पान जेमतेम दबतं. अंडी उबवायचं आणि पिल्लं सांभाळायचं काम नराकडे, मादी दुसरा नर शोधायला मोकळी. हाच पक्षी जानेवारीत पाहिला तर ओळखू येत नाही. शेपूट गेलेली, पाठ फिकट तपकिरी, गळ्याशी काळसर पट्टा. ऑगस्टचा आणि जानेवारीचा फोटो शेजारी ठेवून मी मित्रांना दाखवतो, तर दोन वेगळे पक्षी आहेत म्हणून ते पैज लावायला तयार होतात. एका दिवसाच्या सहलीत यातला एकच पक्षी भेटतो. दोन्ही हवे असतील तर वर्ष द्यावं लागतं.

साकोलीच्या बाजूच्या एका तलावावर मासेमारी करणाऱ्या एका ढिवर म्हाताऱ्याला मी त्याच्याच तलावाचे फोटो छापून नेऊन दिले होते. कमळपक्षी, अडई बदकं, मुग्धबलाक शिंपला फोडताना. मला वाटलं, पक्षी बघून ते खूश होतील. त्यांनी डोंगा काठाला लावला, ओले हात दोरीवर वाळत घातलेल्या लुगड्याला पुसले आणि एक फोटो डोळ्यांजवळ नेला. पक्ष्यावर त्यांची नजर थांबलीच नाही. बोट ठेवलं ते मागच्या गवताळ कडेवर.

"पक्षी राहू द्या जी. हे पाहा, देवधान. किती वर्सांनी पाहून राहिलो मी."

देवधान म्हणजे तलावात आपोआप उगवणारा रानटी भात. मग त्यांनी एकेका फोटोतली पाणवनस्पती सांगायला सुरुवात केली. कुठल्या गवतात कुठला मासा अंडी घालतो, पाणी कुठपर्यंत होतं म्हणजे फोटो कोणत्या महिन्यातला असेल, बेशरमीचं झुडूप कुठल्या कोपऱ्यातून आत सरकलं. माझ्या लेखी जी नुसती धूसर पार्श्वभूमी होती, ती त्यांच्यासाठी तलावाची अख्खी वही होती. तेव्हापासून मी प्रत्येक तलावावर पक्ष्यांसोबत काठाचे फोटो मुद्दाम काढतो, लेन्सचं छिद्र लहान ठेवून, एफ 11 वर, मागचं गवत पान न् पान स्पष्ट येईल असे. स्पर्धेत असल्या फोटोला कुणी विचारणार नाही. तलावाला त्याचा उपयोग आहे.

हा उपयोग कल्पनेतला नाही. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ ही संस्था आणि तिच्यासोबतचे ढिवर स्त्री-पुरुष यांनी भंडारा-गोंदियातले तलाव परत जिवंत करण्याचं काम केलं. बेशरम उपटली, तलावाचा तळ तयार केला, हरवलेल्या देशी पाणवनस्पती परत लावल्या. त्यानंतर देशी मासे आणि पक्षी परतले. तलावात आधी काय होतं, हे तिथल्या माणसांना तोंडपाठ होतं म्हणून हे जमलं. ती माणसं थकत चालली आहेत. त्यांच्या आठवणीच्या जोडीला तारखेचा फोटो असेल तर पुढच्यांचं काम सोपं होईल. वनाधिकारी आणि लेखक मारुती चितमपल्ली नवेगावबांधला राहिले ते दिवस आठवावेत. नवेगाव तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होतं, गोंदिया वेगळा झाला तो 1999 मध्ये. तलावाकाठच्या माणसांना विचारत, ऐकत, लिहून ठेवत त्यांनी जे जमवलं, ते आज आपलं भांडवल आहे. कॅमेऱ्यानेही असं लिहून ठेवता येतं.

सारसाबद्दल मात्र हात आखडता घ्यावा, असं मला कळकळीने सांगायचं आहे. महाराष्ट्रात सारस उरला तो मुख्यतः गोंदियात, थोडा आपल्याकडे. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला त्याच्या संरक्षणाची दखल स्वतःहून घ्यावी लागली, इतकी त्याची संख्या रोडावली आहे. तो घरटं करतो पावसाळ्यात, धानाच्या बांधीत किंवा तलावाच्या उथळ कडेला. शेतकरी रोवणी करताना घरट्याभोवतीचा तुकडा सोडून देतो, धानाचं नुकसान सोसतो. आणि आपण काय करायचं, तर गाड्या धुऱ्याला लावून घरट्याकडे चालत जायचं? जोडी उठली की अंडी उघडी पडतात, कावळे टपलेले असतात. मी घरट्यावरचा सारस काढत नाही. हिवाळ्यात, कापलेल्या शेतात दाणे टिपणारी जोडी दुरून काढावी, जागेचं नाव कुणाला सांगू नये. पक्ष्यांचे आवाज मोबाइलवर वाजवून त्यांना जवळ बोलावण्याचा प्रकारही बंद व्हायला हवा.

नदीकडेही जायला हवं. भंडारा शहर वैनगंगेच्या पश्चिम काठावर आहे, त्यामुळे शहराच्या बाजूने उभं राहिलं की सूर्य समोर, कारध्याच्या अंगाने उगवतो. जुन्या पुलाच्या कमानी काळ्या आणि मागे तांबडं पाणी, असा फोटो भंडाऱ्यातल्या प्रत्येक छायाचित्रकाराने काढला आहे. मीही काढतो. पण ही नदी आता वाहती कमी आणि थांबलेली जास्त आहे. गोसीखुर्द धरणाचं पाणी मागे सरकत शहरापर्यंत आलं. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि कन्हानमधून अंभोऱ्याजवळ याच पाण्यात मिसळतं. जलपर्णीचे हिरवे गालिचे सकाळच्या उन्हात सुंदर दिसतात, तो सुंदरपणा फसवा आहे. ऑगस्ट 2020 च्या पुरात हीच नदी शहरात शिरली, घराघरांत पाणी होतं. सूर्योदयाच्या फोटोशेजारी हेही फोटो असले पाहिजेत. नदीचा अल्बम नुसत्या तांबड्या आकाशाचा असेल तर तो अपुरा आहे.

बाकी रविवारांना विषयांची ददात नाही. जुलैत रोवणी, डोक्यावर प्लास्टिकच्या खोळा घेऊन ओळीने वाकलेल्या बाया आणि बांधीतल्या पाण्यात त्यांची उलटी रांग. मार्चअखेर पहाटे मोहाखाली फुलं वेचणारी कुटुंबं. दिवाळीनंतर गावोगावच्या मंडया आणि दंडारी. तुमसरकडे गेलात तर आंबागडचा किल्ला. पवनीला किल्ल्याचा दरवाजा, आणि जगन्नाथ टेकडीवर 1969-70 च्या उत्खननात उघडा पडलेला बौद्ध स्तूप. तिथे दुपारी जाऊ नये. डोक्यावरच्या उन्हात विटा सपाट दिसतात. चार वाजल्यानंतर ऊन बाजूने घासत जातं तेव्हा प्रत्येक विटेची कड उठते. माणसांचे फोटो काढताना आधी दोन शब्द बोलावं, विचारावं, आणि पुढच्या खेपेला छापील प्रत नेऊन द्यावी. मोबाइलवर पाठवलेला फोटो हरवतो, भिंतीवरचा टिकतो.

तुमच्या गावाजवळ मामा तलाव असेल, आणि आपल्या जिल्ह्यात तो असतोच, तर एक काम करा. पाळीवर एक खूण ठरवा, एखादं झाड, सांडव्याचा दगड. महिन्यातून एकदा तिथे उभं राहून एक फोटो पाण्याचा आणि एक मागच्या बांध्यांचा काढा. महागडी लेन्स लागत नाही, मोबाइल चालेल. वर्षाचे चोवीस फोटो होतील. ते छापा, एक संच गावच्या मच्छीमार संस्थेला आणि एक ग्रामपंचायतीला द्या. फोटोमागे तलावाचं नाव, गावाचं नाव आणि तारीख पेनाने लिहा.