डेव्हलपर थकतो

डेव्हलपर थकतो. काम करून थकतो, नुसता पडून राहिला तरी थकतो. आणि थकलेला दर वेळी डोळ्याला दिसत नाही.

पिंपरीच्या वस्तीत, पत्र्याच्या खोलीत मी रोल धुवायला लागलो तो हौस म्हणून नाही. लग्नाचा, बारशाचा रोल स्टुडिओतून नीट यायचा. गेटसभेचा आणि जयंतीच्या मिरवणुकीचा मात्र दोनदा कोरा आला. ‘काही आलंच नाही,’ म्हणाले. मग ठरवलं, आपला रोल आपल्याच मोरीत धुवायचा.

पगार बेताचा. रोल उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा, ‘इंदू’. तो कारखाना आता बंद झाला. डेव्हलपर कोडॅकचा १९२७ सालचा डी-७६, पण बनवायचा घरी. लिटरला मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम. एवढं जमवायचं तर तो पुरवून वापरणं आलंच.

त्याचा पहिला वैरी हवा. हवेतला प्राणवायू मेटॉल-हायड्रोक्विनोनला खातो. सल्फाइट तो मार बराचसा आपल्या अंगावर घेतं, पण किती दिवस? काठोकाठ भरलेली बाटली सहा महिने टिकते, अर्धी भरलेली दोनच. म्हणून टॉनिकच्या तपकिरी काचेच्या लहान बाटल्या भंगारवाल्याकडून आणायच्या, गळ्यापर्यंत भरायच्या. कमी पडला तर आत स्वच्छ धुतलेल्या काचेच्या गोट्या सोडायच्या.

दुसरा वैरी काम. प्रत्येक रोलमधून ब्रोमाइड उतरतं आणि पुढच्या रोलला मागं ओढतं. इल्फर्डचा आयडी-११ हा डी-७६चाच सख्खा भाऊ. त्याचा हिशेब असा : पाणी न मिसळता एका लिटरात दहा रोल, आणि दर रोलमागं मूळ वेळेच्या दहा टक्के भर. पहिल्याला दहा मिनिटं, तर दुसऱ्याला अकरा, तिसऱ्याला बारा. बाटलीवर चिठ्ठी चिकटवायची. वर तारीख, खाली रोलमागं एक रेघ. हजेरीपटच.

कारखान्यात हजेरी आपलीही लागते. पण ओव्हरटाइमच्या बाराव्या तासाला कुणी म्हणत नाही, हा थकलाय, याला जास्त वेळ द्या. मी बाटलीशी तरी तसं वागत नव्हतो.

आय ओरडायची, “घासलेटाशेजारी ह्ये इख ठिवू नगंस!” तिचं बरोबर होतं. हायड्रोक्विनोन पोटात गेलं तर विषच. एका खोलीत पाणी, घासलेट, औषध सगळं एका फळीवर. म्हणून डेव्हलपर पेटीत, कुलपात. आयला वाचता येत नव्हतं, म्हणून ‘विष’ लिहून वर कवटीही काढली.

शंका आली तर रोलच्या तोंडाचा कापलेला तुकडा उजेडातच डेव्हलपरमध्ये टाका. काळाकुट्ट झाला तर जीव आहे. राखाडी राहिला तर संपला. चहासारखा रंग आला असेल तर तपासत बसूच नका.

पण काटकसरीलाही हद्द असते. मोर्चावरची लाठी फोटोसाठी दुसऱ्यांदा पडत नाही. त्या रोलला ताजा डेव्हलपर घ्या, त्यात तेवढंच पाणी घाला. वेळ जास्त लागेल. एकदा वापरला की तो टाकून द्या, परत बाटलीत ओतू नका. तिथं चार पैसे वाचवायला जाल आणि पुरावाच घालवून बसाल.

चाकणला रात्रपाळी करणारी पोरं विचारतात, “काका, मोबाईल असताना एवढी कटकट कशाला?” मी त्यांना देहूरोडचं सांगतो. २५ डिसेंबर १९५४ला बाबासाहेबांनी तिथं बुद्धमूर्ती बसवली. पाहायला आपली माणसं होती, पण त्यातल्या किती जणांच्या हातात कॅमेरा होता? आता तुमच्या हातात आहे. फिल्मवर काढा नाहीतर मोबाईलवर, पण काढलेलं सांभाळायचं कसं ते शिका. आणि फिल्मवर काढणार असाल, तर आधी बाटलीवर चिठ्ठी लावा.