तुम्हांला हे ठाऊक आहे का?

काही माणसांच्या डोक्यात उपयोगाची माहिती टिकतच नाही. मी त्यांपैकी एक. गॅसचा ग्राहक क्रमांक, स्वतःच्या लग्नाची तारीख, भाचीच्या मुलाचे नाव या गोष्टी मला दरवेळी कुणाला तरी विचाराव्या लागतात. पण ऑक्टोपसला तीन हृदये असतात, किंवा शुक्राला सूर्याभोवती फिरायला २२५ दिवस लागतात आणि स्वतःभोवती एक गिरकी घ्यायला २४३, हे मला झोपेतून उठवून विचारा, बिनचूक सांगेन. अडचण एवढीच, की इतक्या वर्षांत हे विचारायला मला कुणी झोपेतून उठवलेले नाही. उठवतात ते नळाला पाणी आल्यावर.

ही माहिती मी बिस्किटांच्या एका मोठ्या डब्यात साठवत आलो. पूर्वी वर्तमानपत्रांच्या कोपऱ्यात 'तुम्हांला हे ठाऊक आहे का?' अशी चौकट येत असे. जाहिरात कमी पडली की संपादक ती टाकत असावेत. पण बातमी दुसऱ्या दिवशी शिळी होते, चौकट होत नाही. आमच्या खोपोलीचा पाऊस म्हणजे कागद, कापड आणि माणूस यांत भेदभाव न करणारा. त्यामुळे दर ऑक्टोबरात ती सादळलेली कात्रणे गच्चीवर पापडांशेजारी उन्हात पडत. कावळे पापडांवर येत, कात्रणांकडे ढुंकूनही बघत नसत. कावळा हा अत्यंत बुद्धिमान पक्षी आहे, असे एक कात्रण त्यांतच होते.

आता तो डबा प्रत्येकाच्या खिशात आला आहे. कात्री नको, डिंक नको, ऊन नको. आमची पुतणी अंगठ्याच्या एका फटकाऱ्यात माझी चाळीस वर्षांची कमाई जेवणाआधी वाचून टाकते आणि वर विचारते, "काका, अजून काही आहे का डब्यात?"

ही पुतणी म्हणजे दादाची, माझ्या थोरल्या भावाची मुलगी. खोपोलीहून कर्जतला कॉलेजात जायची, विषय भौतिकशास्त्र. शेवटच्या वर्षाला तिच्याकडे कॉलेजच्या भित्तिपत्रकाचे संपादकपद आले. विज्ञान, कॉलेज आणि करमणूक असे तीन रकाने. दर पंधरवड्याला नवा मजकूर. पगार शून्य, टीका भरपूर. म्हणजे संपादकपद अगदी अस्सल होते.

पहिला अंक तिने परदेशातल्या एका पारितोषिकावर काढला. १९९१ पासून 'इग नोबेल' नावाचे एक बक्षीस दिले जाते. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला ते मिळते. २००१ साली ते बंगलोरच्या दोन डॉक्टरांना मिळाले. त्यांनी शाळकरी मुलांची पाहणी करून असे दाखवले, की नाकात बोट घालणे ही या वयातली सर्रास आढळणारी सवय आहे. २००२ साली केरळ कृषी विद्यापीठातल्या दोघांना मिळाले; त्यांनी भारतीय हत्तीच्या अंगाचे एकूण क्षेत्रफळ काढायची रीत शोधली होती. हत्ती विज्ञानाच्या रकान्यात गेला आणि नाक कॉलेजच्या. त्या दिवसापासून म्हणे व्याख्यानाला बसलेली मुले फळ्याकडे न बघता एकमेकांच्या नाकांकडे बघू लागली. दोन प्राध्यापकांनी तर खिशातून हात काढणेच बंद केले.

तिसऱ्या अंकाला विभागप्रमुखांनी तिला बोलावले. "हत्ती केरळचा, नाक बंगलोरचं, ऑक्टोपस समुद्रातला. ठीक आहे. आता पुढचा अंक आपल्या कर्जत-खालापुरावर काढ."

ती घरी आली ती तणतणतच. "आपल्या तालुक्यात आहे काय? वडा!"

खरे सांगतो, मला आनंदाचे भरतेच आले. डब्याच्या तळाशी एक पाकीट होते, त्यावर 'स्थानिक' असे लिहिलेले होते, आणि ते उघडायला आजवर एकही माणूस मिळाला नव्हता.

मी तिला आधी गच्चीवर नेऊन डोंगराच्या उतारावरून उतरणारे जाड पाइप दाखवले. ते जन्मापासून समोर असल्यामुळे तिने कधी पाहिले नव्हते. लोणावळ्याच्या माथ्यावरचा पाऊस मुळात इंद्रायणीतून भीमेला, भीमेतून कृष्णेला आणि तिथून बंगालच्या उपसागराला जायचा. टाटांनी तो धरणांत अडवला, पश्चिमेकडे वळवला आणि सुमारे पाचशे मीटर खाली आमच्या खोपोलीत आणून आदळला. जमशेटजी १९०४ सालीच गेले; वीज आली ती १९१५ साली. तिच्यावर मुंबईतल्या गिरण्या फिरल्या. पुढे १९२२ मध्ये कर्जत तालुक्यात भिवपुरीला दुसरे वीजघर झाले. काम झालेले पाणी इथून पाताळगंगेत जाते, तिथून उल्हास नदीत.

"म्हणजे पाणी आपल्याकडे पडलं आणि दिवे मुंबईत लागले," ती म्हणाली.

"अगदी बरोबर. हे लिही."

मग रेल्वे. १८५६ साली गाडी खोपोलीपर्यंत आली आणि इथेच थांबली, कारण पुढे घाट. १८५८ मध्ये वर खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत गाडी सुरू झाली. मधला घाट मंडळी पालखीतून, तट्टावरून, बैलगाडीतून चढत. पाच वर्षे आमच्या खोपोलीचा रुबाब काय असेल! १८६३ साली बोरघाटाचा मार्ग पुरा झाला, तो पळसदरीहून परस्पर वर गेला आणि आम्ही फाट्यावर राहिलो. तेव्हापासून केळवली, डोलवली, लौजी, खोपोली. एक लोकल चुकली की माणूस पुढची येईपर्यंत एखादी कादंबरी वाचू शकतो. पुतणीने त्या फलाटावर बसून पदवीचा निम्मा अभ्यास केला, असे तिचीच आई सांगते.

करमणुकीच्या रकान्याची मला काळजी नव्हती. मोगल फौज आमच्या तालुक्यात पहिल्यांदा नीट दिसली ती १६६१ साली. कारतलबखान उंबरखिंडीत शिरला, शिवाजी महाराजांनी दोन्ही तोंडे बंद केली आणि खानसाहेब सामानसुमान जागेवर ठेवून परत गेले. दुसऱ्यांदा मोगल आले ते मेकअप करून. नितीन देसाई यांनी २००५ साली चौकजवळ एन. डी. स्टुडिओ उभारला आणि २००८ साली पडद्यावर आलेल्या 'जोधा अकबर'साठी तिथे बादशहाचे महाल उभे राहिले. अकबर जन्मात कोकणात उतरला नाही, त्याचा वाडा मात्र उतरला. आमचे दूधवाले एका ऐतिहासिक मालिकेत तिसऱ्या रांगेत भाला धरून उभे होते. सकाळी मोगल, दुपारी मावळा. त्या संध्याकाळच्या दुधात पाणी जास्त होते. फितुरीची सवय लागायला एक दिवस पुरतो. असो. देसाई २०२३ च्या ऑगस्टमध्ये गेले. पडद्यावर दरबार बघणाऱ्याला त्यामागचे प्लॅस्टर दिसत नाही आणि गावाचे नाव तर नाहीच नाही.

कर्जतचे भात तेवढे स्वतःचे नाव लावून हिंडते. इथल्या भात संशोधन केंद्रातून निघालेले 'कर्जत-३', 'कर्जत-७', 'कर्जत-१८४' हे वाण शेतकऱ्यांना तोंडपाठ. खाणाऱ्याला मात्र 'जरा मऊ झालाय' एवढेच कळते.

पण पुतणीचा जीव अडकला तो वड्यात, म्हणजे वड्यामागच्या इंजिनात. पुण्याची गाडी कर्जतला थांबते, लोक वडा खायला उतरतात, आणि तेवढ्यात गाडीच्या शेपटाकडे मागून ढकलायची इंजिने जोडली जातात. रेल्वेच्या भाषेत बँकर. पुढे चढ ३७ फुटांना एक फूट. रेल्वेच्या मानाने ही भिंतच.

"पण काका, जास्तीची इंजिनं पुढेच का नाही लावत? मागे कशाला?"

हे मला माहीत होते, पण मी गप्प राहिलो. तिने दोन दिवस वहीत बाण काढले आणि तिसऱ्या दिवशी मलाच शिकवले. सगळी ओढ पुढूनच दिली तर सगळा ताण पहिल्या डब्यांच्या जोडावर येतो. जोड तुटला तर मागचे डबे घाटातून खाली धावत सुटतील. मागून ढकलले की ताण वाटला जातो आणि मागे घरंगळायची वाटही अडते. माथा आला की ही इंजिने लोणावळ्याला सुटतात आणि गुपचूप खाली कर्जतला येतात, पुढच्या गाडीसाठी. पुण्याला ती जात नाहीत.

अंक लागला. मुलांनी उभे राहून वाचला; म्हणजे भित्तिपत्रक दुसरे कसे वाचणार, पण पुरे वाचला. तिने त्याचा फोटो घरी आणला. तोवर घरात एक वेगळाच अंक चालू होता. तिला एम.एस्सी.ला पुण्याला जायचे होते आणि दादा तयार नव्हता. दादा कधीही 'नाही' म्हणत नाही. तो 'बघू' म्हणतो, आणि आमच्या घरात 'बघू'पुढे अपील नसते. मुंबईला जा, रात्री घरी ये, हे त्याचे म्हणणे. खोपोलीहून मुंबई जाऊन-येऊन पाच तास, हे तिचे. वहिनी दोन्हीकडून रडत होती. मला कुणी विचारले नव्हते, पण रोज जेवताना दोघेही बोलायचे माझ्याकडे बघून.

दादाने चष्मा लावून तो फोटो मोठा करकरून वाचला. बराच वेळ काही बोलला नाही. कारखान्यात तीस वर्षे पाळी केलेला माणूस, यंत्राविषयी लिहिलेले त्याला पटकन पटत नाही.

"ते वंदे भारत की काय," तो म्हणाला, "तिला मागून ढकलायला इंजिन लागत नाही म्हणतात. खरं का?"

"खरं. २०२३ पासून सोलापूरची वंदे भारत तशीच चढते," मी म्हणालो. "तिच्या निम्म्या डब्यांखाली मोटारी आहेत. स्वतःच्या पायांनी चढते."

"हं." त्याने फोन उलटा करून ताटाशेजारी ठेवला. "आणि बाकीच्यांना?"

"बाकीच्यांना अजून लागतं, बाबा," पुतणी म्हणाली.

दादाने आमटी वाढून घेतली. 'कर्जत-३'चा भात कालवला, दोन घास खाल्ले. मग वहिनीला विचारले, गाद्यांच्या पेटीत ती जुनी होल्डॉल अजून आहे का. वहिनीने डोळे पुसले आणि म्हणाली, हल्ली होल्डॉल कोण नेतं.

"बरं," दादा माझ्याकडे वळला, "तुझ्या डब्यात असेल. पुण्याची गाडी कर्जतला किती वेळ थांबते? सामान चढवायचं झालं तर?"

"इंजिन लागेपर्यंत," मी म्हणालो.

"मग वडा घ्यायला वेळ मिळेल," दादा म्हणाला, आणि त्याने ताक मागितले.