विकावयाचें यंत्र

“चालतें का?” हा पहिला प्रश्न, आणि “मराठी उमटतें का?” हा दुसरा. आमचें विजेचें जुनें टंकलेखनयंत्र विकावयास काढल्यापासून ह्यांचीं उत्तरें मीं इतक्या वेळां दिलीं आहेत कीं, कोणी तिसरा प्रश्न विचारला तर मी गांगरून जाईन. पहिल्याचें उत्तर, “वीज असली तर”, दुसऱ्याचें, “नाहीं”. एवढें ऐकून अंबाजोगाईचें गिऱ्हाईक उठून जातें, ह्यांत त्याचा कांहींच दोष नाहीं.

अण्णा, म्हणजे माझे वडील, कोर्टासमोरच्या लिंबाखालीं टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहून देत. त्यांचें रोजचें यंत्र गोदरेजचें. ह्या कंपनीनें १९५५ सालीं हीं यंत्रें भारतांत बनविण्यास आरंभ केला. तें काम बंद पडून आतां दशकाहून अधिक काळ लोटला. त्यावर मराठी लिहिणें ही एक कसरतच असे. पुष्कळशीं व्यंजनें अर्धीं उमटत आणि काना जोडला म्हणजे पुरीं होत. ऱ्हस्व वेलांटी आधीं, अक्षर मागून. ही उलटी चाल अण्णांच्या बोटांत इतकी मुरली होती कीं, समोरचा माणूस रडत असला तरी तीं अडखळत नसत. ऊसतोडीच्या उचलीचे तंटे, सातबाऱ्यावर न लागलेले वारस, रेशनकार्डांत चुकलेलें नांव, सारें तेथें येई.

अशा माणसानें एका ऑफिसाच्या लिलावांत इंग्रजी यंत्र घ्यावें कशाला? आयबीएमनें १९६१ सालीं काढलेल्या धर्तीचें तें. त्यांत टंकांच्या दांड्या नाहींत. एका लहानशा गोळ्यावर सारीं अक्षरें असतात आणि तो गोळाच गिरक्या घेत कागदावर आपटतो. आई त्याला “अण्णांचा देव्हारा” म्हणे, कारण वीज नसली म्हणजे त्याच्याकडे केवळ पाहत बसावें लागे. मी तेव्हां औरंगाबादेस वसतिगृहांत होतों. घरीं पैशांची ओढ असतां ही उधळपट्टी कशाला, असें मीं पत्रांतून दोनदां खडसावलें. “इंग्रजी अर्जाला उत्तर लवकर येतें,” एवढेंच त्यांनीं कळविलें. मला तें हास्यास्पद वाटलें.

गेल्या महिन्यांत पुण्याचे एक संग्राहक घेण्यास तयार झाले. किंमत साडेचार हजार ठरली. यंत्र पुसतांना मीं आंतील फीत काढली. ती कापडी नव्हे; पातळ, काजळी दिलेली, एकदांच वापरावयाची. अक्षर उमटतें तेवढी काजळी कागदावर जाते आणि फितीवर तेवढी जागा उघडी पडते. मीं ती सहज खिडकीशीं धरली. मोकळ्या जागा फितीवर उमटत नाहींत, म्हणून शब्द माझे मलाच तोडावे लागले.

आमच्या वसतिगृहाच्या अधीक्षकांस लिहिलेला तो अर्ज होता. मुलाची फी भरण्यास दोन महिन्यांची मुदत मिळावी. ‘रिक्वेस्ट’ हा शब्द तीन वेळां तीन तऱ्हांनीं लिहिलेला. म्हणजे दोन कागद फाडले असावेत. शेवटीं एक ओळ: मुलास हें कळवूं नये.

त्या वर्षीं फीचा तगादा लागला नाहीं, तो अधीक्षकांच्या चांगुलपणामुळें, असें मी आजवर लोकांना सांगत आलों होतों.

संग्राहक रविवारीं आले. झांकण उघडून त्यांनीं विचारलें, “ह्यांतली फीत कोठें आहे?”

तिसरा प्रश्न आला तो असा. “नवी घालावी लागेल,” मी म्हणालों.

त्यांनीं दोनशें रुपये कमी केले. मीं घासाघीस केली नाहीं.