अम्माचा रोजा आणि अम्माचा श्वास

आमच्या अम्माचा रोजा कधी चुकला नाही, हे आम्ही भावंडं आल्यागेल्याला मोठ्या अभिमानानं सांगायचो. भर उन्हाळ्यातले रोजे असोत की सुगीतले, रानात खुरपायला जाऊनही ती पूर्ण करायची. पुढं तिला दम लागू लागला, तरी तिनं रोजे सोडले नाहीत आणि आमचा अभिमान आणखी वाढला. आज त्या अभिमानाचीच लाज वाटते.

अम्मानं आयुष्यात कधी विडीला हात लावला नव्हता. म्हणून डॉक्टरांनी नळीत फुंकर मारायला लावून तपासणी केली आणि 'सीओपीडी' असं नाव सांगितलं, तेव्हा आम्हाला ते खरं वाटेना. डॉक्टरांनी एवढंच विचारलं, "चुलीपुढं किती वर्षं काढली?" चाळीस. खिडकी नसलेली खोली, शेणी, ओली लाकडं आणि आम्हा सगळ्यांच्या भाकरी. आम्ही जेवलो, धूर तिनं खाल्ला. या आजारात श्वासनळ्या अरुंद होतात, आत घेतलेली हवा पुरती बाहेर पडत नाही. झालेली हानी भरून येत नाही, पण औषध नीट घेतलं तर दम कमी लागतो, आजार उसळण्याचे प्रसंगही कमी होतात.

दोन औषधं मिळाली. एक रोजचं, सकाळ-संध्याकाळ घ्यायचं: छोट्या यंत्रात कॅप्सूल घालून तिच्यातली पावडर ओढायची. दुसरा निळा पंप, अचानक दम लागला तर. पंप अम्मानं ट्रंकेत कपड्यांखाली ठेवून दिला. "पंप लागला म्हणजे माणूस संपलं," असं आमच्या मोहल्ल्यात म्हणतात. शिवाय घरात धाकटीच्या लग्नाची बोलणी चालू होती. अम्माला दम्याची सवय लागली, असं कुणी म्हणू नये, हे आम्हालाही मनातून पटलं होतं. आम्ही गप्प बसलो.

त्या वर्षी सतराव्या रोजाला जुहरनंतर अम्मा भिंतीला टेकून बसली, ती उठेना. वाक्य पुरं होत नव्हतं, ओठ निळसर पडले होते. आम्ही ट्रंकेतून पंप काढून पुढं धरला, तर तिनं हात बाजूला सारला. "रोजा है मेरा," एवढंच म्हणाली. रिक्षात घालून तिला दवाखान्यात नेलं. ऑक्सिजन लावला, तीन दिवस राहावं लागलं.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "आजी, रोजचं औषध कसं घेता, ते करून दाखवा." अम्मानं पाकिटातून कॅप्सूल काढली, तोंडात टाकली आणि पाण्याचा पेला उचलला. डॉक्टरांनी हात धरला. आठ महिने ती कॅप्सूल गिळत होती. रमजानमध्ये तर सहरीला एक आणि इफ्तारला एक, अगदी वेळेवर. छातीत जायचं औषध पोटात जात होतं. आमच्या घरात दोघं शिक्षक आहेत. औषध आणून द्यायचं काम आम्ही चोख केलं, पण ती ते कसं घेते, हे एकानंही पाहिलं नव्हतं.

मग डॉक्टरांनी आम्हा सगळ्यांनाच शिकवलं. कॅप्सूल घेण्याच्या वेळीच यंत्रात घालायची. यंत्रात न फुंकता आधी श्वास बाहेर सोडायचा, ओठ घट्ट मिटून जोरात आणि खोल ओढायचं, जमेल तितका, दहा सेकंदांपर्यंत श्वास धरायचा. पावडर उरली तर पुन्हा ओढायचं. पंपाचं उलटं: तो आधी हलवायचा आणि दाबताना श्वास सावकाश घ्यायचा. दाबणं आणि ओढणं एकदम जमत नसेल, तर स्पेसर नावाची नळी लावायची. रोजच्या औषधात स्टेरॉइड असल्यानं नंतर चूळ भरून थुंकायची, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी धरते. बरं वाटलं म्हणून रोजचं औषध मनानं बंद करायचं नाही. निळा पंप नेहमीपेक्षा जास्त लागू लागला, कफाचा रंग बदलला, तर थांबायचं नाही, डॉक्टर गाठायचे. पंप चुलीजवळ ठेवायचा नाही.

पंपाचं औषध 'जालीम' असतं, ही आमची भीतीही तिथंच गेली. सालब्युटामॉलच्या गोळीत 4 मिलिग्रॅम औषध असतं. पंपाच्या एका दाबात 100 मायक्रोग्रॅम, म्हणजे चाळिसावा हिस्सा. थेट छातीत जातं म्हणून थोडं पुरतं. त्याची नशेसारखी सवयही लागत नाही.

राहिला रोजाचा प्रश्न. आम्ही मौलानांना घरी बोलावलं. पंपानं रोजा तुटतो की नाही, यावर उलेमांत मतभेद आहेत. सौदी अरबचे शेख इब्न बाज यांनी तुटत नाही म्हटलं. बहुतेक हनफी उलेमा तुटतो म्हणतात. पण अम्माला मौलाना वेगळंच म्हणाले, "खाला, हा वाद तुमच्यासाठी नाहीच. आजाऱ्याला सवलत खुद्द कुरआननं, सूरह बकरामध्ये दिली आहे. बरं होण्याची आशा नसेल, तर दर रोजामागं एका गरिबाला जेवू घाला. अल्लाहनं दिलेली सवलत नाकारणं ही परहेजगारी नव्हे." अम्मा पदरात तोंड लपवून रडली. पन्नास वर्षांची इबादत कुणीतरी हातातून काढून घेतल्यासारखं तिला वाटलं असावं.

आता रमजानमध्ये रोज एक डबा वस्तीतल्या एका म्हाताऱ्या बाईकडे जातो. तो अम्माच भरते, गॅसवर, उघड्या खिडकीशी. औषध ती फजरच्या आणि मगरिबच्या वजूआधी घेते, म्हणजे चूळ भरायची वेगळी आठवण ठेवावी लागत नाही. निळा पंप ट्रंकेत नाही, जानमाजशेजारी कोनाड्यात, सगळ्यांना दिसेल असा असतो.

आमच्या समाजात अशा किती अम्मा सतराव्या रोजाला भिंतीला टेकून बसत असतील. त्यांच्या सब्रचं कौतुक आपण पुरेसं केलं आहे. आता त्यांच्याजवळ बसून एकदा म्हणावं, "अम्मा, औषध कसं घेतेस, दाखव."