फकिराची हजेरी आणि आमची



गेल्या १ ऑगस्टची गोष्ट. आमच्या वस्तीला लागून नाल्यापलीकडे मातंग बांधवांची वस्ती आहे. तिथे अण्णाभाऊ साठे जयंतीला मोकळ्या जागेत पांढरी चादर बांधून ‘फकिरा’ हा चित्रपट दाखवणार होते. आम्ही सहकुटुंब गेलो. चित्रपट १९६३ चा, चित्र पुसट, आवाज खरखरणारा. पण पोरेबाळे, म्हातारीकोतारी चिखलात प्लास्टिकचा कागद अंथरून शेवटपर्यंत बसली होती.

कथा बहुतेकांना ठाऊक असेल. वाटेगावचा राणोजी गावासाठी शिगावची जोगिणी आणायला जातो आणि जीव गमावतो. त्याचा मुलगा फकिरा. दुष्काळ पडतो, पोरे भुकेने तडफडू लागतात, तेव्हा तो धान्य लुटून लोकांना वाटतो. पुढे बेडसगावचा सरकारी खजिना लुटतो. ही कादंबरी १९५९ साली आली. लिहिणारे अण्णाभाऊ त्याच वाटेगावचे, शाळेचे तोंड जेमतेम पाहिलेले.

घरी परतताना दहावीतला आमचा मुलगा म्हणाला, “पप्पा, दर रविवारी विहारात आपण पंचशील म्हणतो. दिले नाही ते घेणार नाही, असे म्हणतो. मग खजिना लुटणारा फकिरा चांगला कसा?”

आम्ही गप्प झालो. आम्ही पेशाने कारकून, शिक्षण बी.कॉम. जमाखर्चात दहा रुपयांचा फरक आला तर तो सापडेपर्यंत आम्हाला घास गोड लागत नाही. अशा माणसाने पोराला काय सांगावे?

रात्री झोप येईना. मग वाटले, हिशेबाची वही कधी एकाच बाजूने वाचायची नसते. नावेच्या बाजूला फकिराची लूट आहे, ती खोडता येणार नाही. पण दुसरी बाजूही आहे. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. चोरी केली म्हणून नव्हे, अमुक जमातीत जन्मला म्हणून माणूस गुन्हेगार! रोज हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचे नाही. फकिराच्या कथेतल्या मांगांवर हीच हजेरी लादलेली आहे. हा कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडले. ज्याची इज्जत जन्मतःच लुटली, त्या लुटीची नोंद कोणत्या वहीत झाली?

सकाळी मुलाला एवढेच सांगितले, “लूट ती लूटच, तिला आपण दान म्हणायचे नाही. पण भुकेल्याचा घास आधी कोणी पळवला, हेही विचारायचे. आणि एक लक्षात ठेव. अण्णाभाऊंनी ही कादंबरी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली आहे. फकिराच्या काळी हातात तलवार घ्यावी लागली. तुझ्या हातात पेन आहे.”

मुलाचे समाधान झाले. आमचे झाले नाही. त्याचे कारण आज प्रथमच लिहीत आहोत.

त्या रात्री प्रोजेक्टरपाशी उभा होता तो आमचा शाळासोबती. पंधरा वर्षांपूर्वी त्याच्या बहिणीच्या लग्नाला आम्ही गेलो होतो. पंगत बसली, त्याने हात धरून बोलावले. आम्ही “पोट बिघडलंय रे” म्हणून न जेवता परतलो. पोट ठणठणीत होते. आमची आजी मांगवाड्यात पाणी घेत नसे, तेच आमच्या आतड्यात उतरले होते. विहारात समतेवर भाषणे देणारे आम्ही, आणि मनातली उतरंड जागच्या जागी! त्याने कधी विचारले नाही. पण पुन्हा जेवायलाही बोलावले नाही.

फकिराच्या कथेत शेवटी सरकार त्याच्या माणसांना ओलीस धरते. तेव्हा तो त्यांच्या सुटकेसाठी आपणहून हजर होतो. जन्मभर ज्याच्यावर हजेरीची सक्ती झाली, त्याने स्वतःच्या मर्जीने दिलेली ती एकच हजेरी! ते दृश्य पाहताना आम्ही मान खाली घातली होती.

पुढच्या रविवारी विहारातून थेट नाला ओलांडून त्याच्या घरी गेलो. सौ. आणि मुलगा बरोबर होते. आम्ही म्हणालो, “त्या दिवशी माझे पोट बिघडले नव्हते.” तो थोडा वेळ आमच्याकडे पाहत राहिला. म्हणाला, “मला माहीत होते.” मग आत वळून त्याने आवाज दिला, “आई, तीन ताटे जास्त वाढ गं.”

भाकरी आणि वांग्याचे कालवण होते. आम्ही पोटभर जेवलो. पंधरा वर्षांची बाकी एका जेवणाने फिटत नाही, हे कारकुनाला कळते. पण खाते उघडले आहे.

आपल्याही वस्तीशेजारी असा एखादा नाला असेल. तो ओलांडून पाहावा, ही विनंती.

जयभीम!