संगमरवरी हाडं

नवी मुंबईत राहणाऱ्याला खोदकाम काही नवीन नाही. एक गँग येऊन रस्ता फोडते, दुसरी येऊन भरते. आपल्या हाडांतही जन्मभर हेच चालतं! ऑस्टिओक्लास्ट पेशी जुनं हाड फोडतात, ऑस्टिओब्लास्ट नवीन भरतात. पण फोडणारी गँगच संपावर गेली तर? हाड नुसतं साचत जातं, एक्स-रेत पांढरंफटक दिसतं आणि तरीही खडूसारखं मोडतं. हाच ऑस्टिओपेट्रोसिस, म्हणजे 'मार्बल बोन'. जर्मन डॉक्टर अल्बर्स-शोनबर्ग यांनी १९०४ मध्ये त्याचं वर्णन केलं.

माझ्या मावसभावाला तो आहे. उपचारासाठी मावशी खारघरला खोली घेऊन राहिली, तेव्हा दर रविवारी मी नेरूळच्या हॉस्टेलवरून तिकडे जायचो. हाडात बोन मॅरोला जागाच नाही, म्हणून अंगात रक्त नाही. कवटीतली डोळ्याच्या नसेची वाट अरुंद झाली, म्हणून नजर गेलेली.

कारण काय, तर टीसीआयआरजी१ नावाचं जनुक. हाड विरघळवायला पेशी आम्ल सोडते. त्या आम्लाच्या पंपाचा एक भाग या जनुकावरून बनतो. लहान मुलांतल्या गंभीर प्रकारात निम्म्याच्या आसपास केसेसमध्ये हेच बिघडलेलं असतं, हे २००० साली कळलं. प्रत्येकाकडे जनुकाच्या दोन प्रती. एक चांगली असली की पंप चालतो, माणूस ठणठणीत. तो नुसता वाहक. आई-बाबा दोघंही वाहक असले, तर प्रत्येक मुलाला आजाराची शक्यता ४ पैकी १. (पॅजेटच्या आजारात उलटं! तिथे फोडणारी गँग ओव्हरटाइम करते, आणि एसक्यूएसटीएम१ ची एकच बिघडलेली प्रत पुरे होऊ शकते.)

इलाजही गंमतशीर आहे. फोडणाऱ्या पेशी रक्ताच्या मूळ पेशींपासूनच तयार होतात. म्हणजे बोन मॅरो बदलला की नवी गँग कामावर हजर! भारतातलं पहिलं बोन मॅरो ट्रान्सप्लांट १९८३ मध्ये परळच्या टाटामध्ये डॉ. सुरेश अडवाणींनी केलं, ते ल्युकेमियासाठी. आमच्या छोट्याला त्याच्या बहिणीचा मॅरो मिळाला. रक्त सुधारलं, हाडं मोकळी होऊ लागली. नजर मात्र परत आली नाही.

मावशी तिच्या सख्ख्या आत्याच्या घरात दिलेली. आजोबांच्या घराण्यातली तीच प्रत दोन्ही बाजूंनी आली. आणि आता दादासाठी मामाची मुलगी ठरत होती! आजी म्हणाली, "आपल्यात पिढ्यान्‌पिढ्या करतात, कुणाला काय झालं?" मी वहीवर हिशोब मांडला. दादा वाहक असण्याची शक्यता ४ पैकी १, तिचीही तेवढीच. दोघंही असण्याची १६ पैकी १, आणि मूल आजारी असण्याची ६४ पैकी १. आई म्हणाली, "एक तर आपल्या घरात आहे." यावर आजी गप्प.

दोघांनी आपणहून रक्त तपासलं. दादा वाहक नाही, ती आहे. म्हणजे मुलांना हा आजार होणार नाही. तरी मामी घाबरल्या, "हे बाहेर कळलं तर तिला नावं ठेवतील." अरे, वाहक म्हणजे रोगी नव्हे! मामांचीच प्रत तिच्याकडे आली. त्यांना कुणी नावं ठेवली का?

तिला विचारूनच हे लिहितोय. म्हणाली, "खुशाल लिही. नाव नको घालूस, पण टेस्टचं नक्की लिही."